कोंबड्यांचे पाणी स्वच्छ ठेवायचे तर आधी भांड्याची जागा आणि उंची पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परसात आठ कोंबड्या आहेत, पाण्याचे पसरट उघडे भांडे जमिनीवर ठेवलेले आहे. सकाळी ते धुऊन भरता, पण दुपार व्हायच्या आत त्यात माती, काडीकचरा आणि बऱ्याचदा शीटही दिसते. काही दिवसांत भांडे आतून हिरवट होते. दिवसातून दोनदा पाणी बदलूनही तेच. म्हणून तुम्ही विचारता की पाण्यात नेमके काय घालावे, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट की क्लोरीन, आणि किती.

पाण्यात काय घालायचे ते मी पुढे सांगतोच. पण तुमच्या वर्णनावरून मला दिसते ते असे की पाण्यात माती उडते आहे, वरून शीट पडते आहे आणि भांड्याला दिवसभर ऊन लागते आहे. या तिन्हींवर औषधाचा उपयोग नाही. क्लोरीनसारखे जंतुनाशक तर गढूळ पाण्यात माती, शीट आणि खाद्याच्या कणांवरच खर्ची पडते, जंतूंसाठी फारसे उरत नाही. त्यामुळे पाणी घाण झाल्यावर ते सुधारण्यापेक्षा ते घाण होऊच नये अशी मांडणी करणे हेच खरे काम आहे. बहुतेक परसातल्या कळपांत नुसती मांडणी बदलल्यावर औषधाचा प्रश्नच उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

अर्थात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरतात की जाळीच्या आवारात असतात, जमीन मातीची आहे की तुसाची गादी आहे, पाणी नळाचे आहे की विहिरीचे, हवा किती तापते, तुम्ही दिवसभर घरी असता की सकाळ-संध्याकाळच वेळ मिळतो, या सगळ्यांनी उत्तर थोडे बदलते. यातले काही तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून जिथे फरक पडतो तिथे मी दोन्ही बाजू देतो.

आधी कोंबडी पाणी कशी पिते ते पाहू. कबुतर चोच बुडवून पाणी ओढून घेऊ शकते, कोंबडीला ते जमत नाही. ती चोच बुडवते, थोडे पाणी चोचीत घेते आणि मान वर करून ते घशाखाली उतरू देते. दर वेळी चोचीला लागलेला खाद्याचा भुगा आणि लाळ पाण्यात उतरते. एखादीला सर्दी झाली असेल तर नाकातला स्रावही उतरतो आणि मग तो सगळ्यांच्या पोटात जातो. खाद्य भरडलेले, भुकटीसारखे असेल तर हा भुगा जास्त असतो, गोळी खाद्यात कमी. खाद्याचे भांडे आणि पाणी शेजारी शेजारी ठेवले तर कोंबडी एक घास खाते, एक घोट पिते, आणि तासाभरात पाण्याच्या तळाशी खाद्याचा चिकट गाळ बसतो. दोन्हींत चार-पाच पावलांचे अंतर ठेवा. एवढ्यानेच गाळ बराच कमी झालेला दिसेल.

मातीचे कारण दुसरे. कोंबडी जमीन उकरते ती मागच्या बाजूला. पायाने फेकलेली माती आणि तूस मागे उडते, आणि त्या उंचीत जे काही असेल त्यात पडते. म्हणून भांड्याची कड कोंबडी सरळ, आरामात उभी असताना तिच्या पाठीच्या रेषेत आली पाहिजे. तिला पिण्यासाठी वाकावे लागता कामा नये, आणि टाचाही उंचावायला लागू नयेत. एवढ्या उंचीवर उडालेला कचरा फार कमी पोहोचतो, आणि भांड्यात पाय घालून उभे राहणेही बंद होते. कळपात लहान-मोठे पक्षी एकत्र असतील तर सर्वांत लहान पक्ष्याला पोहोचेल अशी उंची ठेवा, नाहीतर सरळ दोन भांडी दोन उंचीवर ठेवा. तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या) वाढत असतील तर दर आठवड्याला उंची पुन्हा पाहावी लागते. हे बरेच जण विसरतात.

उंची देताना एक बारकावा सांभाळा. विटांचा किंवा लाकडाचा ठोकळा भांड्यापेक्षा रुंद असेल तर कोंबड्या त्या कडेवर चढून उभ्या राहतात, तिथेच शीट टाकतात, आणि घाण जमिनीवरून उचलून पाण्याच्या शेजारी आणल्यासारखे होते. ठोकळा भांड्याच्या बुडापेक्षा लहान हवा. त्याहून चांगले म्हणजे भांडे वरून दोरीने किंवा साखळीने टांगणे. टांगलेल्या भांड्याची उंची बदलणे सोपे, आणि त्याच्याखाली ओल साचली तरी लगेच दिसते. मात्र ते फार झुलू देऊ नका, पाणी सांडते. भांड्याचा माथा सपाट असेल तर त्यावर बसायला त्यांना आवडते, म्हणून माथ्यावर शंकूसारखे झाकण ठेवा. आणि भांड्याच्या थेट वर बसण्याची काठी, फांदी किंवा जाळीचा आडवा दांडा नसावा. कोंबडीची बरीचशी शीट रात्री, ती काठीवर बसलेली असताना पडते, त्यामुळे खुराड्यातले भांडे काठीखाली असेल तर रोज सकाळी पाण्यात शीट मिळणारच.

खुराड्यात रात्री पाणी ठेवावे का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण त्याचा इथे संबंध आहे. अंधारात कोंबड्या पाणी पीत नाहीत. खुराड्यात ठेवलेले पाणी रात्रभर ओल वाढवते, तूस भिजवते, भिजलेल्या तुसातून अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि उंदरांना बोलावणे जाते. मी रात्री खुराड्यात पाणी ठेवत नाही. अट एकच, पहाटे उजाडताच त्यांना पाणी मिळाले पाहिजे. तुम्हाला उशिरा दार उघडावे लागत असेल तर मात्र आत पाणी ठेवाच, काठीपासून दूर आणि जाळीच्या चौकटीवर. ताज्या अंड्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी असते आणि अंडी देणाऱ्या कोंबडीला एक दिवस जरी पाणी मिळाले नाही तरी अंडी घटतात. पाणी पुन्हा सुरू केले तरी ती लगेच पूर्ववत होत नाहीत.

जाळीच्या चौकटीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझ्या दृष्टीने हा पाण्याच्या स्वच्छतेचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सगळे जण भांड्यातल्या पाण्याकडे पाहतात, भांड्याभोवतीच्या जमिनीकडे कुणी पाहत नाही. रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) ज्या परजीवीमुळे होते त्याच्या अंडपुट्या, म्हणजे टणक कवचातली सूक्ष्म बीजे, आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. बाहेर पडतात तेव्हा त्या लगेच रोग देत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की साधारण एक-दोन दिवसांत त्या परिपक्व होतात आणि मग घातक ठरतात. पाण्याच्या भांड्याखालची चिखलट, कोमट, शीट मिसळलेली जमीन ही त्यांच्यासाठी अगदी सोयीची जागा. कोंबड्या पाणी प्यायला तिथेच गर्दी करतात, तिथेच उकरतात, टोचतात. आणि मुद्दा असा की या अंडपुट्यांवर क्लोरीनचा परिणाम होत नाही. म्हणजे रक्ती हगवण टाळण्यासाठी पाण्यात क्लोरीन घालणारा माणूस चुकीच्या ठिकाणी उपाय करत असतो. तिथे कोरडी जमीन हाच उपाय.

म्हणून भांड्याखाली असे करा. हातभर लांब-रुंद जागा थोडी खोदून त्यात खडी भरा, वर लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी ठेवा, आणि भांडे त्या जाळीच्या मधोमध टांगा किंवा ठेवा. सांडलेले पाणी खडीत जिरते आणि कोंबड्यांना ओल्या जागेत उकरता येत नाही. खोदायचे नसेल तर भांड्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदला, म्हणजे आधीची जागा सुकते. तुसाची गादी असेल तर भिजलेले तूस रोज काढून कोरडे टाका, नुसते वर कोरडे पसरून भिजलेले झाकू नका. आवारात इतरत्र डबकी साचत असतील तर तीही बुजवा. भांड्यात ताजे पाणी असताना कोंबड्या डबक्यातले पितात हे पाहून लोक वैतागतात. पण बऱ्याचदा भांड्यातले पाणी उन्हाने तापलेले असते आणि डबक्यातले थंड असते, एवढेच कारण असते.

आता हिरवटपणा. शेवाळाला प्रकाश लागतो. पारदर्शक किंवा दुधी प्लास्टिकच्या भांड्यातून उजेड आरपार जातो, पाण्यात खाद्याचे कण असतातच, त्यामुळे ते झपाट्याने वाढते. आरपार न दिसणारे भांडे घ्या, किंवा असलेल्या भांड्याला बाहेरून गडद कापड, गोणपाट असे काही गुंडाळा, आणि ते पूर्ण सावलीत ठेवा. सकाळची सावली दुपारी कुठे सरकते ते एकदा दिवसभर बघून मगच जागा ठरवा. भांड्याच्या भिंतीवरचे साधे हिरवे शेवाळ बहुधा लगेच आजारी पाडत नाही. पण साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवा, रंग ओतल्यासारखा तवंग दिसला तर ते पाणी एकाही पक्ष्याच्या तोंडी जाऊ देऊ नका, त्यातल्या काही जाती विषारी असतात.

शेवाळ डोळ्यांना दिसते म्हणून त्याची काळजी वाटते. मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या बुळबुळीत थराची. रिकाम्या भांड्याच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. बोट घसरले, निसटले, तर तो थर आहे. जंतू स्वतःभोवती चिकट पदार्थ तयार करून पृष्ठभागाला धरून राहतात, आणि त्या चिकट आवरणात क्लोरीन सहजासहजी शिरत नाही. तुम्ही भांडे रिकामे करून, खळखळून नवे पाणी भरता तेव्हा पाणी बदलते, पण थर जागेवर राहतो आणि नव्या पाण्यात पुन्हा जंतू सोडतो. दिवसातून दोनदा पाणी बदलूनही फरक पडत नाही याचे हे एक मोठे कारण असते. हा थर घासल्यानेच निघतो. ब्रश किंवा खरबरीत घासणी फिरवल्याशिवाय धुणे पूर्ण झाले असे समजू नका. फार ओरखडे पडलेले प्लास्टिकचे भांडे मी टाकून देतो, कारण त्या ओरखड्यांत ब्रश पोहोचत नाही आणि थर पुन्हा पुन्हा तिथूनच धरतो.

माझी पद्धत अशी आहे. एकसारखी दोन भांडी ठेवतो. एक वापरात, दुसरे धुऊन उन्हात पालथे. रोज सकाळी वापरातले काढून त्याच्या जागी सुकलेले लावायचे, काढलेले घासून, विसळून उन्हात टाकायचे. दिवसभर कडक कोरडे राहिलेल्या भांड्यात जंतूंना टिकून राहणे अवघड जाते, आणि यात औषधाचा काही खर्च नाही. आठवड्यातून एकदा घासून झाल्यावर निर्जंतुक करायचे. वास, रंग किंवा साबण न मिसळलेले साधे ब्लीच, म्हणजे साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, १ लिटर पाण्यात सुमारे २० मिली घालून त्या पाण्यात भांडे १० मिनिटे भिजवायचे, मग भरपूर पाण्याने विसळून पूर्ण सुकवायचे. आधी घासणे आणि नंतर ब्लीच, हा क्रम उलटा झाला तर फायदा होत नाही. पाणी जड असेल आणि भांड्यावर पांढरे पापुद्रे धरले असतील तर ते व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास भिजवल्याने सुटतात. पण व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. एकाने धुतल्यावर नीट विसळून मगच दुसरे वापरा. आणि हे सगळे स्वयंपाकघरातल्या मोरीत करू नका. वरून धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्यांच्या शीटमध्येही माणसांना जुलाब लावणारा साल्मोनेला हा जंतू असू शकतो. भांडी बाहेर धुवा, नंतर हात साबणाने धुवा, लहान मुले मदत करत असतील तर त्यांचेही.

भांडे किती मोठे असावे? एका मोठ्या कोंबडीला समशीतोष्ण हवेत दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात ते दुप्पट होऊ शकते. म्हणजे आठ कोंबड्यांना एरवी २ लिटर, उन्हाळ्यात ४ लिटर. थोडे जास्त धरा. आठवडाभर पुरेल असे मोठे पिंप लावले की दर दिवशी भरायची कटकट वाचते, पण आतले पाणी शिळे होते, तापते, आणि थर धरायला त्याला निवांत वेळ मिळतो. त्यापेक्षा एका दिवसापुरते भांडे, आणि तशी दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली तर जास्त बरे. कळपात दबंग कोंबड्या असतात, त्या भांड्यापाशी ठाण मांडून दुबळ्यांना पिऊ देत नाहीत. दुसरे भांडे नजरेआड असेल तर दुबळ्यांची सोय होते.

भांड्याच्या प्रकाराविषयी माझे मत स्पष्ट आहे. उघडे पसरट भांडे सर्वांत वाईट, आणि तुमच्या त्रासाची सुरुवात तिथूनच आहे. उलटी टाकी आणि खाली गोल अरुंद कडे असलेले भांडे बरेच चांगले, कारण पाण्याचा थोडाच भाग उघडा राहतो आणि प्यायले जाईल तसे पाणी आपोआप खाली उतरते. योग्य उंचीवर टांगले आणि रोज घासले तर आठ कोंबड्यांसाठी ते पुरेसे आहे. त्याहून स्वच्छ म्हणजे निपल, पाण्याच्या बंद डब्याला बसवायची छोटी तोटी. यात पाणी उघडे नसतेच. कोंबडी टोकाला चोच लावते, थेंब पडतो, ती पिते. माती, शीट, चोचीचा भुगा यांपैकी काहीच पाण्यात जात नाही.

निपल लावणार असाल तर काही गोष्टी सांभाळा. खालच्या बाजूला लावायचा उभा निपल असा हवा की कोंबडीने पाय जमिनीवर सपाट ठेवून, मान वर ताणून तो गाठावा. फार खाली असेल तर ती तिरकी मान करून पिते आणि निम्मे पाणी जमिनीवर सांडते. बाजूला लावायचा आडवा निपल साधारण तिच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा, त्यातून सांडते कमी. तीन-चार कोंबड्यांमागे एक निपल धरा, पण कळप कितीही लहान असला तरी दोनांपेक्षा कमी नको, कारण एक अडला तर दुसरा असतो. डब्याच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक छिद्र ठेवा. झाकण हवाबंद असले की पाणी थोडे उतरल्यावर आत निर्वात होते आणि निपल कोरडे पडतात, बाहेरून मात्र डबा भरलेला दिसतो. त्यामुळे रोज सकाळी प्रत्येक निपलला बोट लावून थेंब पडतो का ते पाहणे सक्तीचे समजा. गाळ किंवा क्षार अडकून ते बंद पडू शकतात.

आणि निपलचा सर्वांत मोठा धोका असा की बाहेर सगळे स्वच्छ दिसते, म्हणून डबा उघडून कुणी पाहत नाही. आत तोच बुळबुळीत थर महिनोन्महिने वाढत राहतो. आठवड्यातून एकदा डबा उघडा, बोट फिरवा, घासा. कोंबड्यांना निपलची सवय लावताना कडक उन्हाळ्याचे दिवस टाळा. सकाळी तहान असते तेव्हा काही तास उघडे भांडे काढून घ्या आणि बोटाने निपल हलवून थेंब दाखवा. चमकणारा थेंब पाहून एखादी चोच मारते, आणि बाकीच्या तिचे पाहून शिकतात. प्रत्येक कोंबडी निपलवर पिताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुने भांडे कायमचे काढू नका. वयस्कर कोंबड्यांना वेळ लागतो.

आता पाण्यात काय घालावे याकडे येतो. नळाचे, माणसांना पिण्यायोग्य पाणी असेल तर काहीही घालू नका. विहिरीचे किंवा बोअरचे असेल तर वर्षातून एकदा, विशेषतः पावसाळ्यानंतर, तपासून घ्या. छतावरून गोळा केलेले पावसाचे पाणी असेल तर त्यात रानपक्ष्यांची शीट असतेच असे समजा. स्रोताविषयी शंका असेल तेव्हा क्लोरीनला अर्थ आहे. ५ टक्क्यांचे साधे ब्लीच १ लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात १ थेंब, म्हणजे लिटरमागे साधारण अडीच मिलिग्रॅम क्लोरीन होते. ढवळून अर्धा तास थांबा आणि मग द्या. ते उन्हात उडून जाते, त्यामुळे रोज नवे करावे लागते. पाण्यातून जिवंत लस द्यायची असेल तर क्लोरीन त्या लसीचा नाश करते. त्या काळात क्लोरीन बंद ठेवा, भांडेही जंतुनाशकाच्या अंशाशिवाय धुतलेले असू द्या, आणि नळाच्या पाण्यात मुळातच क्लोरीन असेल तर लस देणाऱ्या डॉक्टरांना तसे सांगा.

व्हिनेगरविषयी खूप बोलले जाते. लिटरमागे ४-५ मिली एवढे घातले तर पाणी थोडे आम्ल होते आणि काही जंतूंना ते मानवत नाही, इथवर ठीक. पण त्याने भांडे स्वच्छ होत नाही, भिंतीवरचा थर निघत नाही, आणि काही बुरशींना तर आम्ल पाणी चालते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या भांड्यात ते कधीही घालू नका, आम्लाने जस्त पाण्यात उतरते आणि ते कोंबड्यांना बाधते. मी नेहमीच्या पाण्यात व्हिनेगर घालत नाही. पोटॅशियम परमँगनेटही घालत नाही. शीट-खाद्य असलेल्या पाण्यात ते लगेच तपकिरी होऊन निकामी होते, आणि न विरघळलेला खडा चोचीत गेला तर तोंड आणि घसा भाजतो. लसूण, गूळ, साखर, जीवनसत्त्वे, इलेक्ट्रोलाइट (क्षारांचे मिश्रण) यांचा आणखी एक प्रश्न असा की यांतले बरेच पदार्थ जंतूंचेही खाद्य आहेत. उष्म्याच्या ताणात इलेक्ट्रोलाइट द्यावे लागले तर जरूर द्या, पण त्याच दिवशी संध्याकाळी उरलेले फेकून भांडे घासा, आणि शेजारी साधे पाणीही असू द्या.

उन्हाळ्यात स्वच्छतेइतकाच गारवा महत्त्वाचा. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि त्या वाफेतून शरीर थंड ठेवते, म्हणजे पाणी हाच तिचा गारव्याचा साठा. तापलेले पाणी ती टाळते. दुपारी एकदा पाणी पूर्ण बदला, एखादा बर्फाचा तुकडा घातलात तरी चालेल. निपलच्या डब्यातले आणि उन्हातल्या नळीतले पाणी कढत होते, ते आधी सोडून द्या. कडाक्याच्या थंडीत उलटे, पाणी गोठत असेल तर दिवसातून दोन-तीनदा कोमट पाणी भरा.

पिल्लांसाठी नियम थोडे कडक आहेत. भांडे उथळ हवे आणि कडे अरुंद हवे. रुंद असेल तर त्यात स्वच्छ गोटे टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाची चोच हलकेच पाण्यात टेकवून दाखवा. पिल्ले तूस फार उडवतात, म्हणून काही दिवसांनी भांडे छोट्या ठोकळीवर चढवा आणि पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदला. रक्ती हगवणीचा सर्वाधिक फटका याच वयात बसतो, त्यामुळे त्यांच्या भांड्याभोवतीचे तूस कोरडे आहे ना हे दर फेरीला हाताने चाचपून पाहा.

रानपक्षी आणि कबुतरे यांना भांड्यापर्यंत पोहोचू देऊ नका. त्यांच्यामार्फत मानमोडी (राणीखेत), बर्ड फ्लू आणि घशातले काही परजीवी पाण्यात येऊ शकतात. भांडे छपराखाली आणि बारीक जाळीच्या आत असेल तर हा धोका खूप घटतो. डासांचेही लक्षात असू द्या. कोंबड्यांची देवी डासांमार्फत पसरते आणि उबदार हवेत डासाची अंड्यापासून वाढ आठवडा-दीड आठवड्यात पूर्ण होते, त्यामुळे आवारातले कुठलेही पाणी आठवडाभर जागचे हलले नाही असे होऊ देऊ नका. बदके असतील तर त्यांचे पाणी वेगळेच ठेवा, ती चिखलाची चोच भांड्यात धुतात आणि त्यापुढे कोणतीही मांडणी टिकत नाही.

तुमच्यासाठी मी कामाचा क्रम असा ठेवीन. उद्याच पसरट भांडे काढून कडे असलेले भांडे सावलीत, पाठीच्या उंचीवर, खाद्यापासून दूर टांगा. या आठवड्यात त्याच्याखालची जमीन कोरडी करण्याची सोय करा आणि दुसरे भांडे आणा. पंधरा दिवस असे चालवून पाहा. तरीही संध्याकाळी पाण्यात माती दिसत असेल तर निपलचा विचार करा.

एक सवय मात्र आजपासून लावून घ्या. सकाळी किती पाणी भरले आणि संध्याकाळी किती उरले ते रोज बघा, भांड्यावर खूण केली तरी पुरे. हवा तीच असताना पिणे अचानक कमी झाले तर आधी पाणीच तपासा: तापले आहे का, वास येतो का, निपल अडला आहे का, कुणी कुणाला हुसकावते आहे का. यापैकी काही नसेल, किंवा पिणे अचानक वाढले असेल, आणि सोबत पिसे फुगवून बसणे, पातळ किंवा रक्तमिश्रित शीट, नाक वाहणे यांपैकी काही दिसत असेल, तर ती कोंबडी वेगळी काढा, तिचे भांडे वेगळे ठेवा, आणि ताज्या शीटचा नमुना घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवा. पाण्यातून औषध द्यायला सांगितले तर ते साध्या पाण्याच्या जोडीने द्यायचे की साधे पाणी बंद ठेवून, हे त्यांना विचारूनच निघा. शेजारी साधे पाणी असेल तर बऱ्याच औषधांचा डोस पोटात अपुरा जातो.